उभं केलेलं चित्र

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. तुम्ही दोघं बरे आहात असं धरून चालते, कारण नसता तर वहिनीनं फोनवर सांगितलं असतं. मी बरी आहे. खोकला गेला. खिडकीची कडी तुटली होती, ती सुतळीनं बांधून टाकली. घरमालकीणबाई जशा होत्या तशाच आहेत. थोडक्यात, सगळं चाललं आहे.

पत्र बघून तू भुवया वर करशील हे मला माहीत आहे. पण फोन केला की वहिनी उचलते आणि "ते दुकानात आहेत" म्हणते. रविवारीही तू दुकानातच असतोस. मी तक्रार करत नाही. एक काम आहे आणि त्याचं उत्तर तुझ्याकडूनच यायला हवं. शिवाय पत्र आलं की बिचाऱ्या वहिनीला खोटं बोलावं लागत नाही.

काम असं. एकोणतीस तारखेला इथला वाद्यवृंद माझी एक रचना वाजवणार आहे. सोळा तंतुवाद्यं, एक क्लॅरिनेट, चौदा मिनिटं. मोठं सभागृह, तिकीट काढून येणारे लोक. आजवर माझं संगीत ऐकणाऱ्यांपेक्षा वाजवणारेच जास्त असायचे, त्यामुळे माझ्यासाठी हे थोडं विचित्रच आहे. ही रचना मी एका चित्रावरून केली आहे. ते चित्र तुझं आहे.

मी नक्की काय करते हे तुला कधी नीट सांगितलं नाही. लोकांना वाटतं की चित्र बघून माझं मन भरून येतं आणि मी ते कागदावर उतरवते. तसं काहीही होत नाही. मी शिंप्यासारखी मापं घेते. चित्रावर पारदर्शक कागद लावते आणि त्यावर वितीवितीनं रेघा मारते. एक वीत म्हणजे दोन मिनिटं. वरून खाली वाचत यायचं. रंग जाड असेल तिथे जास्त वाद्यं, नुसतं कापड दिसत असेल तिथे एकच, निव्वळ पांढरं असेल तिथे कुणीच नाही. गडद म्हणजे खालचे सूर, उजळ म्हणजे वरचे. नियम आधी ठरवायचे आणि मग मोडायचे नाहीत. मला हे आवडतं, कारण त्यात आपण मध्ये कडमडत नाही.

आपलं जुनं घर रिकामं करताना तुझी चित्रं जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती आणि भंगारवाला दारात उभा होता. मी त्यातलं एक उचलून "नेऊ का?" विचारलं. तू वळूनही न बघता "ने" म्हणालास. म्हणून नेलं. पाच फूट बाय तीन फूट. माझ्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये साडेतीन फूट भिंत आहे, तिथे ते बरोबर उभं राहिलं. गेली अडीच वर्षं तिथेच आहे.

तुला ते आठवत नसेल, म्हणून सांगते. मागे राखाडी. मधोमध वरपासून जवळजवळ खालपर्यंत हिरवट पट्टा, वर निमुळता, मग फुगलेला, मग बारीक, मग पुन्हा रुंद, एखाद्या डोंगराच्या सोंडेसारखा. पट्टा संपतो तिथे काळं आणि त्याच्या खाली पांढरं. पट्ट्यातून बारीक रेघा निघतात, सगळ्या उजवीकडे. त्या मी दुसऱ्या फळीतल्या व्हायोलिन्सना दिल्या आहेत, लांब धरलेले सूर म्हणून. आणि खाली उजव्या कडेला मुठीएवढा लाल ठिपका आहे. तो क्लॅरिनेटला दिला. मध्येच एक टणकन उडी मारून गप्प होतं. तालमीत तिथे सगळे हसतात. वाद्यवृंदाच्या संचालकबाई म्हणाल्या, "एवढ्या गंभीर मंडळींत हा एक वात्रट घातलात ते बरं केलंत." रचनेचं नाव मी 'चढण' ठेवलं आहे.

आता मुद्दा. व्यवस्थापकांना कार्यक्रमपत्रिकेवर हे चित्र छापायचं आहे आणि मूळ चित्र सभागृहाबाहेरच्या दालनात लावायचं आहे. त्यासाठी चित्रकाराची लेखी परवानगी लागते. पत्रिका बावीसला छापायला जाते. चित्राचा फोटो सोबत पाठवते आहे. तू म्हणशील, मी कुठला चित्रकार, मी रंगाच्या दुकानात बसतो. वहिनी सांगते की गिऱ्हाइकं भिंतीचा टवका कागदात गुंडाळून आणतात आणि तू मशीनकडे न बघता कुठला रंग किती थेंब ते सांगतोस. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि वाईटही.

खरं तर रचनाही तुला विचारूनच करायला हवी होती. नाही विचारलं. तू नाही म्हणालास तर चित्रच काय, रचनासुद्धा वाजवणं मला बरं वाटणार नाही, आणि अशी संधी पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. हे तुझ्यावर दडपण आणायला लिहीत नाही. बरं, थोडंसं त्यासाठीच लिहिते आहे.

आईचा विषय इथे काढत नाही. पत्र आधीच लांबलं आहे.

तुझी,
टकटक
(अजूनही टेबलावर बोटं वाजवते. घरमालकीणबाईंना ते आवडत नाही.)


१३ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. उलटंसुलटं करून बघितलं, एकच ओळ. "छापण्याआधी चित्र फ्रेमवाल्याकडे ने." ना हो, ना नाही. मी चरफडले. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि हे महाशय फ्रेमवर अडून बसलेत, असं वाटलं. पण मोठा भाऊ म्हणून ऐकलं आणि काल सकाळी चित्र चादरीत गुंडाळून नेलं.

फ्रेमवाले काका आमच्याच गल्लीच्या टोकाला बसतात. कानावर पेन्सिल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही. आधी ते पालथं घातलं आणि मागच्या लाकडी पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"हे उभं कोणी केलं?"

"मी. का?"

"खिळ्यांची भोकं लांब पट्टीला आहेत. हे एके काळी आडवं टांगलेलं होतं." मग सुलटं करून त्यांनी माझ्या दुसऱ्या व्हायोलिन्सवर, म्हणजे त्या बारीक रेघांवर, बोट ठेवलं. "आणि हे ओघळ बघा. रंग पातळ होता, ओघळला. ओघळ कधी आडवे जातात का बाई?"

मी म्हटलं, चित्रकारानं मुद्दाम तसं केलं असेल, हल्ली करतात. ते म्हणाले, "करत असतील. मला काय, तुम्ही म्हणाल तशी फ्रेम करून देईन." पण माणूस हाताला जे योग्य वाटतं तेच करतो. त्यांनी चित्र फिरवून टेबलावर आडवं टेकवलं, एक पाऊल मागे सरकले आणि चष्मा वर ढकलला.

"कोण निजलंय हे? आजारी दिसतंय कुणीतरी."

"माहीत नाही," मी म्हणाले.

दादा, मी खोटं बोलले, आणि तेही एका अनोळखी माणसाशी, ज्याला त्यानं काहीही फरक पडणार नव्हता. तोवर मला सगळं दिसलं होतं. डोंगराची सोंड म्हणजे कुशीवर झोपलेल्या बाईची पाठ. मधला फुगवटा म्हणजे वर आलेला खुबा. काळं म्हणजे केस, कानापर्यंत कापलेले. आईचे केस कापले होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा तू लिहिलं असशील आणि मी ते वाक्य नीट वाचलं नसेल. पांढरं म्हणजे उशी. आणि ते हिरवं पांघरूण तर आपल्याच घरातलं. त्याच्याखाली मी अठरा वर्षं झोपले आणि त्याच्यावरून चौदा मिनिटांचं संगीत लिहिलं, पण ओळखलं नाही.

घरी येऊन वहिनीला फोन केला. तू दुकानात होतास, या वेळी खरोखरच. लाल काय आहे ते विचारलं. वहिनी म्हणाली, "प्लास्टिकचा टब गं. उलट्या व्हायच्या ना त्यांना, पलंगापाशी हाताशी ठेवलेला असायचा." मी तिला सांगितलं नाही की त्याच्यावर मी विनोद केला आहे आणि सतरा माणसं रोज त्याला हसतात. मी फक्त बरं म्हटलं. मग तिनं आपणहून सांगितलं की माझ्या पत्रातला फोटो तू हातात घेतलास. तो आडवा धरलास, मग उभा धरलास, मग पुन्हा आडवा, आणि कार्ड आणायला बाहेर गेलास. तू मला सरळ सांगू शकला असतास. पण शहाण्याला शब्दाचा मार असं तुला वाटलं असेल, आणि मी किती शहाणी आहे ते तुला फ्रेमवाल्याकडून कळवायचं होतं.

कालपासून एकच विचार करते आहे. अडीच वर्षं मी त्या चित्रासमोर जेवले, झोपले, वितीनं ते मोजलं. आंधळी मी नाही. तरी आपली आई मला दिसली नाही. शेवटी कारण सापडलं, आणि ते अगदी साधं आहे. मी आईला आडवी झालेली कधी बघितलीच नाही. लहानपणी आपण उठायच्या आधी ती उठलेली असायची आणि आपण झोपल्यावर कधीतरी झोपत असेल. दुपारी पाठ टेकायची म्हटलं तरी भिंतीला टेकायची. आजारपणात ती चार महिने आडवीच होती. ते सगळ्यांनी बघितलं. मी बघितलं नाही.

तुझ्या तेव्हाच्या पहिल्या पत्राला, परीक्षा आहे म्हणून येता येत नाही, असं मी कळवलं होतं. परीक्षा होती, पण ती पहिल्याच आठवड्यात संपली. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मी मोकळी होते. तिसरं आलं तेव्हा निकालही लागला होता. पुढचे तीन महिने मी इथेच होते, याच खोलीत. रोज सकाळी उठायची आणि लिहायला बसायची, आणि दादा, लिहिणं चांगलं होत होतं. आले तर आई जाणार हे खरं होईल, अशी भीती वाटायची. आणि आले तर हातातलं काम निसटेल, अशीही वाटायची. यातली कुठली भीती मोठी होती ते मला अजून ठरवता येत नाही. बहुतेक दुसरी. तू आईचं सगळं उरकल्यावरही मूग गिळून बसलास, आणि तू विचारत नाहीस म्हणजे तुला कळलं नाही, अशी मी सोयीची समजूत करून घेतली.

मला लाज वाटते. हे वाक्य दोनदा खोडलं, आता राहू देते.

चित्र आडवं आहे हे आज संचालकबाईंना सांगितलं. कोण आहे तेही सांगितलं. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाल्या, "कानाला उभं-आडवं कळत नाही. रचना चांगली आहे, आपण वाजवतोय." तसं बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. मापं चुकलेली नाहीत. पायांकडून सुरू होतं आणि डोक्याशी संपतं, एवढंच. आणि शेवट तर मला आता उलट जास्तच पटतो. उशीचं पांढरं चार बोटं आहे, म्हणजे चाळीस सेकंद. तिथे कुणीही काही वाजवत नाही, सगळे हात मांडीवर ठेवून बसतात. बाकी सगळं अडाण्यासारखं केलं, पण एवढं नकळत बरोबर आलं असं वाटतं. आई गेली आणि शांत झालं.

तर आता परवानगी चित्राची नाही, रचनेची मागते आहे. नको म्हणालास तर मी स्वतः जाऊन सतरा जणांचे कागद गोळा करून आणीन, आणि तुझ्यावर रागावणार नाही. बावीसच्या आत कळव. एक ओळ चालेल.

तुझी धाकटी बहीण


२१ मार्च

दादा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आठ ओळी. तुझ्या मानानं ही कादंबरीच झाली. इतक्या वेळा वाचली की आता न बघता लिहू शकते, म्हणून इथे उतरवते, तू जे लिहिलंस तेच मला कळलं आहे ना हे तपासायला.

"वाजव. चित्र आडवं लाव. टबाला हसतात तर हसू देत. हा माझ्यापेक्षा जास्त जेवतो, असं आई स्वतःच म्हणायची. पण शेवटी शांतता ठेवू नकोस, ते चूक आहे. आई तेव्हा गेली नव्हती, झोपली होती. ते चित्र झाल्यावर पुढे सात आठवडे होती. आणि घोरायची. इतक्या मोठ्यानं की मी ब्रश खाली ठेवून हसत बसायचो. परीक्षेचं मला माहीत होतं. आईलाही."

'आईलाही'पाशी मी थांबले. मग टेबलावर डोकं ठेवून रडले. हे तुला सांगायची गरज नाही, पण गेल्या तीन वर्षांत मी रडले नव्हते आणि तुला बहुतेक त्याचाही राग असेल, म्हणून सांगते. तिनं कशावरून ओळखलं, काय म्हणाली, म्हणाली तरी का, हे मला विचारायचं आहे. पत्रात विचारणार नाही.

आज तालमीला जाऊन शेवट बदलायचा आहे असं सांगितलं. संचालकबाईंनी कपाळावर हात मारला, कारण आठ दिवस राहिले आहेत. 'चढण' हे नाव काढून टाकलं आहे. पत्रिकेत नुसतं 'सोळा तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट' असं छापतील आणि चित्राखाली तुझं नाव येईल. तुझ्या 'चित्र आडवं लाव'ला मी लेखी परवानगी समजते आहे. व्यवस्थापकांनीही कुरकुरत समजली.

मग त्या चाळीस सेकंदांचं काय करायचं त्यावर आलो. डबल बास हे सगळ्यात मोठं तंतुवाद्य वाजवणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना सगळे बुवा म्हणतात. घोरणं म्हटल्यावर बुवा खुलले. "आमच्या घरी येऊन विचारा, बायको नोटेशन लिहून देईल." त्यांनी सगळ्यात जाड तारेवरून गज हळूच ओढून दाखवला. सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कसं घोरायच्या तुमच्या आई? आत घेताना की सोडताना? एकसारखं, की मध्येच अडकायचं? शिट्टी यायची का शेवटी?"

सतरा माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात पेन्सिल होती. प्रश्न अगदी रास्त होते, मीही तेच विचारले असते. मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी तिथे नव्हते." हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. बुवांनी गज खाली ठेवला आणि म्हणाले, "मग जे होते त्यांना बोलवा."

गुरुवारी दहाला तालीम आहे. तुमच्याकडून सकाळची पहिली बस पकडलीस तर वेळेत पोचशील. वहिनीलाही आण, तिनंही ऐकलं आहे. बुवांच्या शेजारी दोन खुर्च्या मांडून ठेवायला सांगितल्या आहेत. तुला सूर-ताल कळत नाही ही सबब चालणार नाही, नुसतं घोरून दाखव, बाकी ते बघतील. कागदावर तेवढी जागा मी कोरी ठेवली आहे. तू आला नाहीस तर ती कोरीच जाईल. शांतता म्हणून नाही, मला ठाऊक नाही म्हणून. अंदाजानं मी तिथे काही लिहिणार नाही.

आईच्या आजारपणातली तुझी ती चार पत्रं माझ्याकडे आहेत. आज सकाळी पुन्हा काढली आणि या वेळी एकही वाक्य न गाळता वाचली. केस कापल्याचं दुसऱ्या पत्रात होतं. चारही पत्रांच्या शेवटी तू सही करायच्या आधी 'वाट बघतो' असं लिहिलं आहेस, आणि चौथ्यात 'आईही' असं वर बारीक अक्षरात घातलं आहेस. ते वाचूनही मी घडी घालून ठेवून दिलं होतं. तोच शब्द आता मी कुठल्या तोंडानं लिहायचा? पण दुसरा सुचत नाही.

वाट बघते.

तुझी धाकटी